रिकाम्या किटल्यांची हजेरी

दसरा झाला की आमच्या गावातले आवाज कमी व्हायला लागतात. आधी शेळ्यांचे जातात, मग पोरांचे. मग एक दिवस गिरणीचा पट्टा थांबतो, कारण दळण आणायला फारसं कुणी उरलेलं नसतं.

काल सकाळी पारापाशी तिसरा ट्रॅक्टर भरत होता. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, डालीखाली कोंबड्या, फडावरच्या झोपडीसाठी, म्हणजे कोपीसाठी, बांबू आणि ताडपत्री, आणि या सगळ्यावर माणसं. वर चढलेली एखादी बाई पुन्हा खाली उतरायची आणि घराकडे पळायची. काहीतरी विसरलेलं असायचंच. शेवटचं काम किल्लीचं. ऊस तोडायला निघालेलं घर आपली किल्ली शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडे देऊन जातं, ही आमच्याकडची रीत. हंगाम सुरू झाला की माझ्या धुरपदाआत्याच्या कमरेला आठ-नऊ घरं लटकलेली असतात. ती चालते तेव्हा वाजतात.

ट्रॅक्टर गेला. धूळ नाकातोंडात गेली. ही धूळ गेली की मला एकच हंगाम आठवतो, दुष्काळातल्या चारा छावण्यांच्या वर्षातला. त्या आठवणीत भीती आहे, माझी लाज आहे, पण सगळ्यात जास्त आहे ती सुटका. भरलेली घागर डोक्यावरून उतरवल्यावर मानेला वाटतं ना, तशी.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही असं म्हणणं खोटं होईल. मृगात दोन दिवस आला, आल्यासारखं करून गेला. पोळ्यापर्यंत लोक वर बघत होते, नंतर बघायचं सोडून दिलं. जनावरं काही विकली गेली, काही छावणीत बांधली गेली. गोठे रिकामे झाले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गावाला जो वास असतो तो शेणाचा आणि दुधाचा असतो. माश्यासुद्धा गेल्या. विहिरीत खडक दिसायला लागला. पोरं शाळेतून येताना त्यात खडे टाकायची आणि पाण्याचा आवाज येतो का ते कान लावून ऐकायची.

मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजात होते. माझी अक्षरओळख पत्रकांवर झालेली. वडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेत होते. आमच्या घरात भिंतीचे पोपडे गुलाबी-पिवळ्या पत्रकांनी झाकलेले असायचे आणि भाकरीही त्यांच्यावरच वाढली जायची. ‘मागणी क्रमांक एक, मागणी क्रमांक दोन’ असं वाचत मी आकडे शिकले. पत्रकाची शिस्त मला लहानपणीच पाठ झाली होती. आधी प्रश्न सांगायचा, मग जबाबदार कोण ते सांगायचं, मग मागणी करायची. या तिन्हींशिवाय गावात चौथं काही असू शकतं, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे ते माझ्या डोळ्यांना दिसतही नव्हतं.

फाल्गुन सरत आला होता. चार महिन्यांनी मी गावी आले. सकाळच्या एसटीतून उतरले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. फाट्यापाशी दूध संस्थेची इमारत आहे. इमारत म्हणजे दोन खोल्या, पुढे तीन पायऱ्यांचा ओटा, आणि आत दूध थंड करायची स्टीलची मोठी टाकी. दूधच नसल्यामुळे डेअरीची गाडी कधीच बंद झाली होती. आणि त्या बंद पडलेल्या संस्थेच्या ओट्यावर गावातली म्हातारी माणसं रांगेत बसली होती. प्रत्येकाच्या पुढ्यात किटली, आणि प्रत्येक किटली रिकामी. अगदी पुढे माझी आत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, गावातच दिलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा बिभीषण बायकोपोरांसह ऊस तोडायला कर्नाटकात.

मी लांबूनच मोबाइलवर फोटो काढला. थोड्या वेळाने माणसं उठली आणि किटल्या तिथंच सोडून, रिकाम्या हातांनी घरी गेली. दूध येणार नाही हे माहीत असूनही सवयीने, आशेने ही माणसं रोज इथे येऊन बसतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कुणाला एक शब्द विचारला नाही. घरी जाऊन पाटावर कागद घेतला आणि तासाभरात पत्रक लिहिलं. मथळा दिला, ‘गाव म्हाताऱ्यांच्या भरवशावर, म्हातारे कुणाच्या?’ खाली तो फोटो. पहिल्याच ओळीत ‘निराधार वृद्ध’. जबाबदार कोण यात सरकार होतं, साखर कारखाने होते, आणि शेवटी एक वाक्य होतं: ‘ज्यांनी जन्म दिला त्यांना मागे टाकून जाणाऱ्या समाजाला झोप कशी येते?’

ते वाक्य मला फार आवडलं होतं.

वडील संघटनेच्या कामाला बाहेरगावी होते, त्यामुळे कुणी थांबवलं नाही. दुपारी धर्मापुरीला जाऊन प्रती काढल्या. फोटोसकट पत्रक मोबाइलवरून सगळीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याचा निरोप आला, ओट्यावर ये.

ओट्यावर महालिंगअप्पा बसले होते. गावातले किराणा दुकानदार आणि संस्था निघाली तेव्हापासूनचे सचिव. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि जिभेवर मिरची. समोर म्हातारी मंडळी. अप्पांच्या हातात माझं पत्रक होतं. त्यांनी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, दुधाचे आकडे वाचायचे त्याच सपाट आवाजात. मग चष्मा काढला आणि पाणी घातलेल्या दुधाला म्हणायचे तसं म्हणाले, “डिग्री कमी लागली. ह्यात पाणी हाय.”

सगळे हसले. आत्या हसली नाही.

“मला निराधार कावून लिहिलंस?” तिने विचारलं.

सरकारी कागदात तसंच लिहितात, असं काहीतरी मी पुटपुटले. ती म्हणाली, “सरकार मला वळखत न्हाई. तू तर वळखतीस.”

मग त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते आदल्या दिवशीच पाहायला हवं होतं.

दूध संस्थेत सभासदाला नावाने हाक मारायची नाही, नंबराने मारायची, हा अप्पांचा जुना शिरस्ता. दूध बंद झालं तरी त्यांनी वही बंद केली नाही. टँकर दुपारी यायचा, तेही त्याच्या मर्जीने. तो विहिरीत सोडला की काठावर घागरींची झुंबड उडायची, आणि दोन वर्षांपूर्वी अशाच झुंबडीत एका म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. म्हणून अप्पांनी ग्रामपंचायतीत भांडून ठरवून घेतलं की आधी संस्थेची टाकी भरायची, मग विहीर. सकाळी म्हाताऱ्यांनी यायचं, नंबराला ‘हाय’ म्हणायचं आणि रिकामी किटली ओळीत ठेवून घरी जायचं. दुपारच्या उन्हात कुणी बाहेर पडायचं नाही. टँकर आला की अप्पा स्वतः किटल्या भरून आत सावलीत ठेवणार. ऊन उतरल्यावर पुन्हा हजेरी, पुन्हा नंबर, आणि आपली भरलेली किटली घेऊन जायची. पिण्यापुरतं पाणी.

आणि एक नियम. एखाद्या नंबराला उत्तर आलं नाही तर त्याच्या पुढच्या नंबराने उठायचं आणि त्याच्या घरी जाऊन बघायचं. तिथल्या तिथे, चहासुद्धा न घेता. बरेच सभासद उसाला गेलेले, त्यामुळे आकडे तुटक होते. चौदा नंबर म्हणजे ज्ञानोबातात्या. त्यांच्यानंतर एकदम एकवीस, माझी आत्या. तिच्यानंतर सव्वीस, कौसाबाई. कौसाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण गावात कुणी शिंकलं तरी त्यांना कोण ते कळायचं.

मंगळवारी उपकेंद्राची सिस्टर त्याच ओट्यावर येऊन प्रत्येकाचं बीपी बघायची. कुणाची गोळी संपली, कुणी मुद्दाम चुकवली, हे नंबरापुढे लिहिलं जायचं. एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला की अप्पा सगळ्यांदेखत विचारायचे, “आज डिग्री कावून कमी?” मग त्या माणसाला सांगावंच लागायचं, झोप नाही झाली, पाय सुजलाय, किंवा सुनेचा फोन आला नाही. या एका प्रश्नावर किती दुखणी वेळेत बाहेर पडली असतील, कोण जाणे.

मी ओट्यावर खाली मान घालून बसले होते. त्यांना कुणाची दया नको होती. पाणी धक्काबुक्कीशिवाय हवं होतं, एवढंच.

पण पत्रक तोवर पोहोचलं होतं. एकदा सुटलेला कागद परत येत नाही, हे वडील नेहमी सांगायचे. ते अभिमानाने सांगायचे. मला त्याची दुसरी बाजू चौथ्या दिवशी कळली, बिभीषणदादा सकाळच्या एसटीतून उतरला तेव्हा.

त्याच्या हातात मोकळी पिशवी होती. अंगावरच्या शर्टाला उसाच्या चिपाडाचा वास. तो माझ्याशी बोललाच नाही. दुपारी आत्याच्या घरी मी पाणी घेऊन गेले तेव्हा म्हणाला, “कोपीवर एका पोरानं मोबाइल काढून वाचून दाखवलं. समद्या टोळीम्होरं. मायचा फोटो बघून बायका रडायल्या. मी कोयता टाकून आलतो, मुक्ते. तुला काय वाटलं, मला झोप येते म्हणून मी तिकडं गेलतो?”

मुकादमाने त्याला तीन दिवस दिले होते. परवाच्या दहाच्या गाडीने तो आत्याला बरोबर घेऊन जाणार होता. त्याचं ठरलं होतं.

आत्याने आधी थट्टा केली, मग रुसली, मग गप्प झाली. गप्प झाली तेव्हा मला भीती वाटली. दोन हंगामांपूर्वी ती त्यांच्याबरोबर गेली होती, ते मला माहीत होतं. पहाटे अंधारात सगळे फडात निघून जायचे. कोपीत ती, पाण्याचे हंडे आणि तान्हं नातवंड. एकदा हंडा उचलताना पाय मुरगळून पडली आणि सकाळपासून दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. पोरगं शेजारी रडून रडून झोपी गेलं. घरची सगळी माणसं हाकेच्या अंतरावर होती, पण उसात हाक जात नाही. ते दुखणं तिच्या घोट्यात अजून आहे. शिवाय तिथे तिच्या वयाचं कुणी नव्हतं. ती म्हणायची, “दिवसभर बोलायला कुणी न्हाई. उसाशी किती बोलावं माणसानं?”

बिभीषणदादाला हे कळत नव्हतं असं नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो फोटो होता. तिथे पडली तर संध्याकाळी तरी मी घरी येईन, इथे पडली तर कळणारच नाही, एवढंच त्याचं म्हणणं. आणि हे म्हणणं त्याच्या डोक्यात मी घातलं होतं. माझ्या आवडत्या वाक्याने. आत्याने ज्या गावात पाऊणशे उन्हाळे काढले, जिथे तिच्या कमरेला नऊ घरांच्या किल्ल्या होत्या, तिथून तिला उचलून उसाच्या कडेला नेऊन टाकायचं काम माझ्या पत्रकाने केलं होतं. त्या दोन रात्री मला जेवण गेलं नाही.

पहिल्या संध्याकाळी तो तिच्याबरोबर ओट्यावर आला. अप्पांनी “एकवीस” म्हटल्यावर तोच म्हणाला, “हाय.” अप्पांनी वहीतून मान वर केली नाही. “बिभीषणा, तुझा नंबर न्हाई ह्यो.” आणि पुन्हा, “एकवीस.” मग आत्या बोलली.

त्याला राग आला. लहान पोरांसारखा खेळ मांडलाय यांनी, असं तो वाटेत म्हणत राहिला. घरी येऊन त्याने तिची लुगडी, चोळ्या, गोळ्यांची पाकिटं, पानाची चंची, सगळं पिशवीत भरलं. आत्या चुलीपुढे बसून नुसती बघत होती.

दुसरा दिवस फार तापला. घरांचे पत्रे तडतडत होते. सावलीत बसलं तरी वारा चुलीतून आल्यासारखा लागायचा. संध्याकाळी ओट्यावर सगळे आले. अप्पांनी सुरुवात केली. दोन, पाच, नऊ, अकरा. सगळे हाय. मग म्हणाले, “चौदा.”

उत्तर आलं नाही.

अप्पा पुन्हा म्हणाले, “चौदा.” आत सावलीत किटल्यांची ओळ होती आणि त्यात ज्ञानोबातात्यांची किटली काठोकाठ भरलेली, झाकणाला वरून दोरी बांधलेली. पुढचं वाक्य अप्पांना बोलावं लागलं नाही. आत्या उठली होती. तिने आपली किटली उचलली, तात्यांचीही उचलली आणि चालायला लागली. बिभीषणदादाने हात पुढे केला तेव्हा एक किटली त्याच्या हातात दिली, पण थांबली नाही. मी मागे धावले.

तात्यांचं घर म्हणजे एक पत्र्याची खोली. दार नुसतं लोटलेलं. आत ते जमिनीवर आडवे पडले होते. तोंडाने बैलांना काहीतरी सांगत होते, नदीवर चला, असलं काही. बैल जाऊन वर्षं झाली होती. आत्याने कपाळाला हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. ऊन लागलं होतं.

बिभीषणदादाने घाईने किटलीचं झाकण काढलं आणि तात्यांच्या तोंडाला पाणी लावायला गेला. आत्याने त्याच्या हातावर फटका मारला.

“तोंडात न्हाई. शुद्ध न्हाई त्याला, घशात जाईल.”

सिस्टरने ते मंगळवारी ओट्यावर सांगितलं होतं. आत्याने तात्यांची किटली त्यांच्या मानेवर, काखेत, छातीवर रिकामी केली. पदर ओला करून डोक्याला गुंडाळला. मला दार, खिडकी, सगळं उघडायला सांगितलं आणि दादाच्या हातात सूप दिलं वारा घालायला. मग तिने स्वतःची किटली ओतली. ते तिचं दिवसाचं प्यायचं पाणी होतं. ज्या वर्षी माणसं हात धुतलेलं पाणी तुळशीला घालत होती, त्या वर्षी तिने ते एका थेंबाचाही विचार न करता माणसाच्या अंगावर ओतलं.

“आई, तुला काय राहिलं?” दादाने विचारलं. तेवढ्यात दारात अप्पा आले. त्यांच्यामागे दोन, पाच, नऊ, अकरा नंबर, आणि कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून कौसाबाई. प्रत्येकाच्या हातात आपापली किटली. एकेक आत यायचा, ओतायचा आणि बाजूला उभा राहायचा. जमिनीवर चिखल झाला. सहा महिन्यांत ओल्या मातीचा वास मी पहिल्यांदा घेतला तो त्या खोलीत.

सिस्टर आली, ॲम्ब्युलन्स आली. अंधार पडायच्या आत तात्या अंबाजोगाईच्या दवाखान्यात होते. दादाच त्यांच्याबरोबर गेला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, याला आधी गार कुणी केलं? दादाने सांगितलं, माझ्या आईने. त्याने नंतर हे मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला. तात्या पहाटे शुद्धीवर आले आणि त्यांची पहिली तक्रार अशी होती की एवढ्या जणांनी मिळून आंघोळ घातली, तर निदान साबण तरी लावायचा होता.

दादा पहिल्या एसटीने परत आला. सकाळची हजेरी सुरू होती. तो खालच्या पायरीवर बसला. त्याने भरलेली पिशवी आत्याने बरोबर आणली होती, ती त्याच्या पायाशी.

“चौदा,” अप्पा म्हणाले.

आत्याच बोलली, “दवाखान्यात हाय. बोलायलाय.” अप्पांनी तसं लिहून घेतलं. मग म्हणाले, “एकवीस.”

आत्याने दादाकडे पाहिलं. दादाने विचारलं, “अप्पा, एकवीस गेली तर चौदाकडं कोण बगंल?”

“सव्वीस. कौसाबाई. तिला दिसत न्हाई.”

“ऐकू येतं की,” कौसाबाई म्हणाल्या.

“आन एकवीसकडं?” दादाने विचारलं. “ती ऱ्हायली तर?”

“मीच,” कौसाबाई म्हणाल्या. “मी तर तिचं खोकलणं घरात बसून मोजते. काल सात बार खोकली. त्यातलं दोन खोटं हुतं, तुला ऐकवायला.”

अप्पा वहीवर पेन आपटत होते. “एकवीस हाय का न्हाई तेवढं सांगा. मला दुकान उघडायचंय.”

दादाने पायाशी ठेवलेली पिशवी बाजूला सारली. मग हळू म्हणाला, “बोल की आई.”

“हाय,” आत्या म्हणाली.

त्या एका शब्दाने माझ्या छातीवरचा दगड उतरला. पुढे माझ्या नावाने बरंच काही छापून आलं, सभांमधून बोलले, टाळ्या ऐकल्या. पण त्या सकाळी दगड उतरताना जसा कानांत आवाज झाला, तसा पुन्हा कधी झाला नाही.

हे सगळं लिहिताना माझी भीती एकच आहे. कुणी म्हणेल, बघा, म्हातारी माणसं आपलं आपण बघतात, मग सरकारने कशाला काही करायचं? असं म्हणणाऱ्याचं तोंड मी आजही धरीन. सात किटल्यांनी एक माणूस वाचला. पण त्या रात्री सहा माणसांना प्यायला पाणी नव्हतं. शेवटी शाळेच्या टाकीतून अप्पांनी ते आणलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं. पाणी, गोळ्या आणि सावली हे दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं आणि ते झालेलं नव्हतं. महिन्याभराने मी दुसरं पत्रक लिहिलं आणि छापण्याआधी ओट्यावर वाचून दाखवलं. त्यांनी निम्म्याहून जास्त खोडायला लावलं. उरल्या तीन मागण्या. ओट्यावर मांडव, उपकेंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या कायम, आणि टँकरची वेळ ठरलेली. मांडव झाला, गोळ्याही आल्या. टँकरवाला त्याच्या मर्जीनेच येत राहिला. खाली सही म्हणून नावं नव्हती, नुसते नंबर होते. तहसीलच्या कारकुनाने विचारलं, ही माणसं आहेत की पावत्या? आम्ही अकरा जण त्याच्यापुढे उभे राहिलो, कौसाबाईंसकट.

आत्या अजून आहे. तात्याही आहेत. दोघांचं पटत नाही. आंघोळीवरून अजून भांडतात.

त्या हजेरीच्या दिवशी दादाची दहाची गाडी होती. दादा घरी आला, पिशवी उघडली आणि एकेक लुगडं परत दांडीवर टाकलं. गोळ्यांची पाकिटं कोनाड्यात जिथली तिथे ठेवली. त्याला ठेवता येत नव्हतं, घडी मोडत होती. पण आत्याने हात लावला नाही, त्याला करू दिलं. रिकाम्या पिशवीत तिने भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि नातवंडांसाठी खारका घातल्या. त्याला वाढताना ती दोनदा उठली, दोनदा बसली. पाटापासून चुलीपर्यंत तुरुतुरु गेली. तिचं वय उतरल्यासारखं वाटत होतं.

मी दादाबरोबर फाट्यापर्यंत गेले. वाटेत मी माफी मागायला लागले तेव्हा तो म्हणाला, पुन्हा कागद लिहिलास तर आधी आईला वाचून दाखव. तिला वाचता येत न्हाई, पण चूक कुठं हाय ते लगेच घावतं. गाडी आली. त्याने खिडकीतून हात केला आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

परत आले तेव्हा आत्या दारातच उभी होती, चौकटीला धरून. ताठ.

“गेला का?”

“गेला.”

“वळणाच्या म्होरं?”

“हो आत्या. गेला.”

तिने चौकट सोडली. दोन्ही हात कमरेवर ठेवले, तोंडातून एक मोठं ‘आई गं’ काढलं आणि भिंतीला धरत धरत खाली बसली. तीन दिवस तिने त्याच्यासमोर एकदाही कमरेला हात लावला नव्हता. घोटा सुजून भोपळा झाला होता. तो तिने लुगड्याच्या काठाखाली झाकून ठेवला होता. मी घाबरून अप्पांना, सिस्टरला बोलावू का म्हणून विचारलं.

“बस गं. मंगळवारी येतीच हाय ती,” ती म्हणाली. वाकळ ओढून घेतली, पाय माझ्या मांडीवर टाकला आणि डोळे मिटले.

“बरं झालं बाई, गेला एकदाचा. आता जरा पडते.”